टेस्टोस्टेरॉन : बाहेरून भरताना आत काय थांबते?

आरोग्य तपासणीच्या 'पॅकेज'मध्ये साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड यांच्या पंगतीला अलीकडे आणखी एक आकडा येऊन बसला आहे, तो टेस्टोस्टेरॉनचा. पन्नाशीकडे झुकलेला गृहस्थ अहवाल हाती घेतो, आपल्या आकड्यापुढे खाली वळलेला बाण पाहतो आणि वर्षभराचा थकवा, चिडचिड, सुटलेले पोट, मंदावलेली कामेच्छा या साऱ्यांचे मूळ सापडले असे त्याला वाटू लागते. दुसरीकडे व्यायामशाळेत जाणारा पंचविशीचा तरुण कसलाही अहवाल न काढताच हेच संप्रेरक टोचून घेतो. पहिले काही आठवडे दोघांनाही छान वाटते. मात्र हे संप्रेरक बाहेरून घेतले की शरीराचे स्वतःचे उत्पादन थांबते, ही गोष्ट त्यांना आधी कोणी सांगितलेली असतेच असे नाही. या उपचाराविषयी जे जाणून घ्यायचे, त्याची सुरुवात इथूनच व्हायला हवी.

टेस्टोस्टेरॉन मुख्यतः वृषणांत तयार होते. निरोगी प्रौढ पुरुषाच्या शरीरात त्याचे दिवसाचे उत्पादन अवघे काही मिलिग्रॅम असते, चिमूटभर मिठापेक्षा कितीतरी कमी. दाढीमिशा, आवाजाचा घोगरेपणा, स्नायूंचे बळ, हाडांची घनता, रक्तातील तांबड्या पेशी, कामेच्छा, इतक्या गोष्टी या अल्पशा मात्रेवर चालतात. उत्पादनाचा हुकूम मेंदूकडून सुटतो. मेंदूतील हायपोथॅलॅमस पीयूषिका ग्रंथीला इशारा देतो. ती एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरके सोडते. एलएच वृषणांकडून टेस्टोस्टेरॉन तयार करवून घेते, एफएसएच शुक्रजंतूंच्या निर्मितीला हातभार लावते. रक्तात टेस्टोस्टेरॉन पुरेसे झाले की मेंदू हुकूम आवरता घेतो. घराच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीत जसा फ्लोट असतो, तशीच ही व्यवस्था. टाकी भरली की फ्लोट वर येतो आणि नळ बंद होतो. आता टाकी कोणी बाहेरून बादलीने भरली, तरी फ्लोट वर येणारच. पाणी नळाचे की बादलीचे, हे त्याला कळत नाही.

आणखी एक बारकावा आहे. वृषणांच्या आत टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण रक्तातल्यापेक्षा कितीतरी पटींनी अधिक असते आणि शुक्रजंतू तयार व्हायला ते आतले प्रमाणच लागते. इंजेक्शनाने रक्तातला आकडा वाढतो, आतला मात्र कोसळतो. म्हणूनच अहवालात टेस्टोस्टेरॉन भरपूर आणि वीर्यात शुक्रजंतू शून्य, असे वरवर चमत्कारिक दिसणारे चित्र निर्माण होते.

अनुभव खरा, कारण खोटे

वृषण काढले की नराचे काय होते, हे शेतकऱ्याला शास्त्रज्ञांच्या पुष्कळ आधीपासून ठाऊक होते. खोंड खच्ची केला की बैल होतो, नांगराला शांतपणे जुंपून घेतो. मराठीत आज 'खच्चीकरण' हा शब्द माणसाच्या मनोधैर्याविषयीच अधिक वापरला जातो, पण तो आला गोठ्यातून. 1849 मध्ये जर्मनीतील गॉटिंगेन येथे आर्नोल्ड बेर्टहोल्ड यांनी कोंबड्यांवर प्रयोग केले. वृषण काढलेल्या कोंबड्याचा तुरा झडतो, आरवणे थांबते. पण वृषण पोटात दुसऱ्या जागी बसवले तर तुराही टिकतो आणि आरवणेही. म्हणजे वृषणातून काहीतरी रक्तात उतरत असले पाहिजे, हा निष्कर्ष त्यातून निघाला.

मग आले चार्ल्स-एदुआर ब्राऊन-सेकार. मज्जारज्जूवरील संशोधनासाठी आजही ज्यांचे नाव घेतले जाते, असे हे थोर शरीरशास्त्रज्ञ. 1889 मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्यांनी पॅरिसमधील विद्वत्सभेत आपला स्वानुभव सांगितला. कुत्रे आणि गिनिपिग यांच्या वृषणांचा अर्क त्यांनी स्वतःला टोचून घेतला होता. त्यानंतर प्रयोगशाळेत तासन्‌तास उभे राहता येऊ लागले, जिना पुन्हा धावत चढता येऊ लागला, हाताची पकड बळावली, बौद्धिक कामाचा शीण कमी झाला. ही सारी निरीक्षणे त्यांनी मोजमापांसह नोंदवली होती. वार्ता जगभर पसरली आणि अशा अर्कांचा बाजार उभा राहायला वेळ लागला नाही.

तब्बल शंभराहून अधिक वर्षांनी, 2002 मध्ये, ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी ब्राऊन-सेकार यांच्याच कृतीने तो अर्क पुन्हा बनवला आणि मोजला. त्यात टेस्टोस्टेरॉन जवळजवळ नव्हतेच. हे संप्रेरक पाण्यात फारसे विरघळत नाही आणि अर्क तर पाण्यात काढलेला होता. ब्राऊन-सेकार खोटे बोलत नव्हते. त्यांना बरे वाटले होते, ते अपेक्षेच्या बळावर. नंतर 1934 मध्ये आयरिश कवी डब्ल्यू. बी. येट्स यांनी लंडनमध्ये 'श्टाइनाख शस्त्रक्रिया' करून घेतली. ती प्रत्यक्षात नसबंदीच्या जातीची होती. पण आपल्याला नवे तारुण्य लाभले, अशी येट्सची धारणा होती आणि अखेरच्या वर्षांत त्यांनी विपुल लिहिलेही. अनुभवकथन हा पुरावा म्हणून किती फसवा असू शकतो, हे दाखवायला इतक्या बुद्धिमान माणसांची उदाहरणे क्वचितच मिळतील.

खरे टेस्टोस्टेरॉन हाती आले ते 1935 मध्ये. अॅमस्टरडॅममधील एर्न्स्ट लाकर यांच्या गटाने सुमारे 100 किलो वळूवृषणांतून जेमतेम 10 मिलिग्रॅम स्फटिक मिळवले. त्याच वर्षी आडोल्फ बुटेनांट आणि लिओपोल्ड रुझिच्का यांनी ते स्वतंत्रपणे प्रयोगशाळेत तयार केले. 1939 च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे दोघे मानकरी ठरले. पुढे 1945 मध्ये अमेरिकी विज्ञानलेखक पॉल द क्रुइफ यांनी याच संप्रेरकावर पुस्तक लिहिले, त्यात स्वतः घेतलेल्या गोळ्यांचा अनुभवही मांडला. या वेळी औषध खरे होते. पण त्यांना जाणवलेल्या उत्साहात औषधाचा वाटा किती आणि अपेक्षेचा किती, हे एका माणसाच्या अनुभवावरून कोणालाच सांगता आले नसते.

ज्यांना ते खरोखर लागते

या उपचाराची थट्टा करण्याचा हेतू मुळीच नाही. ज्यांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन खरोखरच तयार होत नाही, त्यांच्यासाठी तो इन्सुलिनसारखाच आवश्यक असतो. क्लाइनफेल्टर अवस्थेत मुलगा एक जादा एक्स गुणसूत्र घेऊन जन्मतो. सुमारे 600 मुलग्यांमागे एक, इतके तिचे प्रमाण आहे. उंची भरपूर, वृषण लहान, दाढी विरळ. पुष्कळांना तर मूल होत नाही म्हणून तपासण्या होईपर्यंत निदानाचा पत्ताही नसतो. कालमन विकारात वयात येणे लांबत जाते आणि जोडीला वास येत नाही. पीयूषिका ग्रंथीची गाठ, वयात आल्यानंतर झालेल्या गालगुंडाने सुजलेले वृषण, कर्करोगावरील केमोथेरपी वा किरणोत्सर्ग, थॅलसेमियात वारंवार रक्त दिल्याने पीयूषिकेत साचलेले लोह, अफूवर्गीय वेदनाशामकांचा दीर्घ वापर, ही आणखी काही कारणे.

अशा रुग्णांत उपचारानंतर होणारा बदल नाट्यपूर्ण म्हणावा असाच असतो. वीस-बावीस वर्षांचा मुलगा प्रथमच दाढीला बसतो, आवाज फुटतो, खांदे भरतात. कामेच्छेतील फरक साधारण तीन ते सहा आठवड्यांत जाणवू लागतो. स्नायूंना तीन-चार महिने लागतात, हाडांची घनता वाढू लागायला सहा महिन्यांहून अधिक. मोठे दुर्दैव असे, की आपल्या घरांत अशा मुलाविषयी बोलणे टाळले जाते. 'उशिरा वयात येतो, त्याच्या काकांचेही असेच होते', 'लग्न झाले की सगळे ठीक होईल' असे म्हणत वर्षे जातात आणि हाडांच्या बांधणीची मोलाची वर्षे हातची निसटतात. चौदाव्या वर्षापर्यंत वृषणांची वाढ सुरूच झाली नसेल, तर मुलाला बालरोगतज्ज्ञ वा संप्रेरकतज्ज्ञ यांना दाखवणे हाच मार्ग आहे. स्त्री म्हणून जन्मनोंद झालेल्या पण पुरुष म्हणून जगणाऱ्या व्यक्तीही हेच औषध घेतात. त्यांच्याबाबत उद्देश आणि मोजमापे निराळी असल्याने तो स्वतंत्र लेखाचा विषय ठरेल.

आकड्याची फसवणूक

आता त्या अहवालातल्या बाणाकडे वळू. टेस्टोस्टेरॉन दिवसभर सारखे नसते. ते सकाळी सर्वाधिक असते, जेवणानंतर उतरते, ताप वा मोठे आजारपण आले की कोसळते. त्यामुळे रक्त सकाळी 7 ते 10 च्या दरम्यान, उपाशीपोटी द्यावे आणि आकडा कमी आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासावा, हा नियम आहे. रात्रपाळी करणाऱ्याने, किंवा बोटीवरून नुकत्याच परतलेल्या आणि झोपेचे चक्र बिघडलेल्या तारवट्याने, पुरती झोप झाल्यावरच रक्त द्यावे. एका अभ्यासात तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिले, तर त्यांचे दिवसाचे टेस्टोस्टेरॉन 10 ते 15 टक्क्यांनी घटले. दुपारी जेवून, एकदाच दिलेल्या रक्तावर आयुष्यभराच्या उपचाराचा निर्णय घेणे म्हणजे एका सरीवरून पावसाळ्याचा अंदाज बांधणे होय.

मर्यादा कोणती धरायची, याविषयीही एकमत नाही. अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञांची संघटना डेसिलिटरमागे 300 नॅनोग्रॅम धरते; संप्रेरकतज्ज्ञांच्या संघटनेने 264 हा आकडा स्वीकारला आहे. शिवाय रक्तातील बहुतेक टेस्टोस्टेरॉन प्रथिनांना चिकटलेले असते. लठ्ठपणात त्यांपैकी एसएचबीजी नावाचे प्रथिन घटते, म्हणून एकूण आकडा कमी दिसतो. मोकळे, प्रत्यक्ष कामाचे टेस्टोस्टेरॉन मात्र पुष्कळदा ठीक असते. म्हणून आकडा दोनदा कमी आला तरी पुढचा प्रश्न 'कोणते इंजेक्शन?' हा नसून 'का कमी?' हा असतो, आणि त्याचे उत्तर एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन यांच्या तपासण्या देतात.

युरोपातील आठ शहरांत 40 ते 79 वयाच्या तीन हजारांहून अधिक पुरुषांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष 2010 मध्ये प्रसिद्ध झाले. कमी आकडा आणि त्याच्या जोडीला कामेच्छा मंदावणे, सकाळची ताठरता जाणे, संभोगावेळची ताठरता कमी होणे ही तिन्ही लक्षणे, असा कस लावला तेव्हा केवळ 2.1 टक्के पुरुष त्यात बसले. थकवा आणि उदासी ही लक्षणे निदानाला फारशी उपयोगी पडली नाहीत, कारण ती कशानेही येतात. जाहिरातींत मात्र नेमकी हीच दोन लक्षणे मोठ्या अक्षरांत असतात.

गोव्यापुरते बोलायचे तर हा विषय मधुमेहापासून वेगळा काढता येत नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळले, 26.4 टक्के. टाइप 2 मधुमेह असलेल्या पुरुषांत टेस्टोस्टेरॉन कमी असणे नेहमीचे आहे; 2004 मधील एका अमेरिकी अभ्यासात जवळपास तिसऱ्या हिश्शात तसे आढळले होते. पण तिथे हा कमी आकडा बहुधा पोटाच्या घेराचा आणि इन्सुलिनला न जुमानणाऱ्या शरीराचा परिणाम असतो. वजन उतरले की तो आपोआप वर सरकतो. ऑस्ट्रेलियातील 2021 च्या प्रयोगात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील वा नुकताच मधुमेह जडलेल्या सुमारे हजार स्थूल पुरुषांना आहार-व्यायामाच्या कार्यक्रमाबरोबर निम्म्यांना टेस्टोस्टेरॉन आणि निम्म्यांना नुसतेच द्रावण टोचले. दोन वर्षांनी मधुमेहाचे प्रमाण पहिल्या गटात 12 टक्के, दुसऱ्यात 21. हा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही. मात्र औषध घेणाऱ्या दर पाचांपैकी एकाहून अधिक पुरुषांचे रक्त धोक्याच्या पातळीपर्यंत दाट झाले, हेही त्याच प्रयोगाने दाखवले.

वय, हृदय आणि मोजून पाहिलेले लाभ

अमेरिकेत 2001 ते 2011 या दशकात चाळिशीपुढील पुरुषांत टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांचे प्रमाण तिपटीहून अधिक वाढले. उपयोग किती, हे तपासण्यासाठी मग 65 वर्षांवरील पुरुषांवर काटेकोर प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष 2016 मध्ये आले. निकषांत बसणारे 790 पुरुष मिळवायला 51,085 जणांची चाळणी करावी लागली, एवढ्यावरूनच 'वय झाले म्हणजे संप्रेरक संपले' या समजुतीचे काय ते कळते. वर्षभर जेल लावल्यावर कामेच्छा आणि संभोगक्षमता माफक सुधारली, मनःस्थिती थोडी उंचावली, रक्तक्षय व हाडांची घनता यांतही सुधारणा दिसली. पण उत्साह, ज्यासाठी बहुतेक जण हे औषध मागतात, त्यात लक्षणीय फरक पडला नाही.

हृदयाचा प्रश्न 2023 मध्ये बऱ्याच अंशी सुटला. हृदयविकार असलेल्या वा त्याचा धोका असलेल्या पाच हजारांवर पुरुषांत हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि हृदयजन्य मृत्यू दोन्ही गटांत जवळपास सारखेच आढळले. एट्रियल फिब्रिलेशन हा ठोक्यांतला अनियमितपणा, फुप्फुसातील रक्ताची गुठळी आणि मूत्रपिंडाची तडकाफडकी इजा मात्र औषधाच्या गटात अधिक होती. पुढच्या वर्षी त्याच प्रयोगातून अस्थिभंगही थोडे अधिक असल्याचे निघाले. हाडांची घनता वाढूनही असे का व्हावे, हे कोडेच आहे. प्रोस्टेटचा वा पुरुषांतील स्तनाचा कर्करोग, आधीच दाट रक्त, उपचार न केलेला तीव्र निद्रा-श्वसनरोध, गेल्या सहा महिन्यांतला हृदयविकाराचा झटका वा पक्षाघात, आणि नजीकच्या काळात मूल हवे असणे, यांपैकी काही असल्यास हा उपचार सुरू करू नये, असा तज्ज्ञांचा दंडक आहे.

घेणाऱ्यांना काय जाणवते

औषध कोणत्या रूपात घेतले, यावर अनुभव बराच अवलंबून असतो. दोन-तीन आठवड्यांनी घेण्याच्या इंजेक्शनांनी पहिल्या काही दिवसांत पातळी उंच जाते आणि पुढच्या इंजेक्शनाआधी खाली येते. रुग्ण या भरती-ओहोटीचे वर्णन न विचारता करतात: सुरुवातीला उत्साह, कधी चिडखोरपणा, शेवटच्या दिवसांत मरगळ. दहा ते चौदा आठवड्यांनी द्यायच्या 1000 मिलिग्रॅमच्या इंजेक्शनाने ही लाट सपाट होते. रोज लावायचे जेल पातळी आणखी समान ठेवते. पण ते लावलेल्या त्वचेला पत्नीचा वा लहान मुलाचा स्पर्श झाला तर संप्रेरक त्यांच्या अंगात जाते. अशा संपर्काने लहान मुलांत अकाली वयात येण्याची लक्षणे दिसल्याचे आढळल्यावर 2009 मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी जेलवर कडक इशारा छापायला लावला. जेल लावून हात धुवावेत, जागा कपड्याने झाकावी. नातवंडांना उचलून घेणाऱ्या आजोबांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

पुरळ, तेलकट त्वचा, पायांवर सूज, छातीत दुखरी गाठ, वाढते घोरणे या तक्रारी रुग्ण स्वतः सांगतो. रक्त दाट होत चालल्याचे मात्र त्याला कळत नाही. म्हणून तीन ते सहा महिन्यांनी आणि नंतर दरवर्षी हिमॅटोक्रिट तपासावे लागते. ते 54 टक्क्यांवर गेले की औषध थांबवायचे असते. प्रोस्टेटसाठी पीएसए ही तपासणीही सोबत असते.

मुळ्या, चूर्णे आणि दुकानातील सुई

वाजीकरण हे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक. सुश्रुतसंहितेत बोकडाचे वृषण दूध-तुपात शिजवून खाण्याचा पाकही आहे. तर्क बेर्टहोल्डच्याच दिशेचा, पण पोटातून गेलेले टेस्टोस्टेरॉन यकृत बहुतांशी निकामी करते. गोखरू अर्थात सराटा टेस्टोस्टेरॉन वाढवतो, हे माणसांवरील चाचण्यांत टिकलेले नाही. अश्वगंधेने काही छोट्या चाचण्यांत थोडी वाढ दिसली आहे. सोबत यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. लैंगिक शक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांची जाहिरात करायला 1954 च्या आक्षेपार्ह जाहिराती कायद्याने मनाई आहे. तरीही भिंतींपासून मोबाइलपर्यंत त्याच जाहिराती दिसतात, हे वाचकांना सांगायला नको.

खरा घोर लावणारा भाग आहे तो व्यायामशाळांचा. टेस्टोस्टेरॉन हे शेड्यूल एच मधील औषध आहे, म्हणजे ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळू नये. स्नायू वाढतात हे खरे आहे; 1996 मध्ये अमेरिकेत तो प्रयोगही झाला. आठवड्याला 600 मिलिग्रॅम, म्हणजे उपचाराच्या नेहमीच्या मात्रेच्या कितीतरी पट, दहा आठवडे दिल्यावर व्यायामासह आणि व्यायामाविनाही स्नायू वाढले. आता त्याशेजारी दुसरी गोष्ट ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेने टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन चक्क पुरुषांचे गर्भनिरोधक म्हणून तपासले आहे. आठवड्याला 200 मिलिग्रॅम घेतल्यावर सहा महिन्यांत निम्म्याहून अधिक पुरुषांच्या वीर्यात एकही शुक्रजंतू उरला नाही. पौरुष वाढावे म्हणून जे टोचून घेतले जाते, ते गर्भनिरोधक ठरू शकते. लग्न ठरलेल्या तरुणाला हे वाक्य सुईआधी ऐकायला मिळायला हवे. मूल हवे असणाऱ्याचे टेस्टोस्टेरॉन खरोखर कमी असेल, तर एचसीजी वा क्लोमिफेनसारखी औषधे देऊन स्वतःचेच उत्पादन वाढवण्याचा प्रयत्न डॉक्टर करतात.

थांबवल्यावर

बादली बंद केली म्हणून नळ लगेच सुरू होत नाही. मधल्या काळात बाहेरचे संपलेले आणि आतले जागे न झालेले, अशी अवस्था येते. थकवा, उदासी, कामेच्छा नाहीशी होणे हे सारे मूळ तक्रारीपेक्षाही तीव्रतेने जाणवते आणि त्याच घाबरगुंडीत पुष्कळ जण पुन्हा सुई घेतात. गर्भनिरोधकाच्या चाचण्यांत भाग घेतलेल्या निरोगी पुरुषांची माहिती 2006 मध्ये एकत्र मांडली गेली: शुक्रजंतूंची संख्या पूर्वपदावर यायला 67 टक्के पुरुषांना सहा महिन्यांपर्यंत, 90 टक्क्यांना वर्षापर्यंत आणि सर्वांना दोन वर्षांपर्यंतचा काळ लागू शकतो, असा तिचा निष्कर्ष होता. व्यायामशाळेतल्या मात्रा याहून मोठ्या, कधी अनेक औषधांच्या मिश्रणाच्या आणि वर्षानुवर्षांच्या असतात. डेन्मार्कमधील 2016 च्या अभ्यासात अशी औषधे सोडून सरासरी अडीच वर्षे उलटलेल्यांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक पुरुषांचे टेस्टोस्टेरॉन कमीच होते. अशा तरुणाने घेतलेली औषधे, मात्रा आणि कालावधी डॉक्टरांपासून लपवू नये. त्यावरच पुढचे उपचार ठरतात. शुक्रजंतू तयार होण्याचा एकेक फेराच सुमारे अडीच महिन्यांचा असल्याने वीर्यतपासणी दर तीन महिन्यांनी करत राहतात आणि पहिला अहवाल शून्य आला म्हणून उपचार सोडत नाहीत.